घरचे रेटिंग आणि बाहेरचा बाजार

दक्षिण कोरियाच्या केबीएस-२ या सार्वजनिक वाहिनीवर २०१८-१९ मध्ये शनिवार-रविवारी दाखवल्या गेलेल्या ‘माय ओन्ली वन’ या कौटुंबिक मालिकेने आपल्या शिखरावर ४९.४ टक्के रेटिंग मिळवले होते, म्हणजे टीव्ही असलेल्या कोरियन घरांपैकी जवळजवळ निम्म्या घरांत त्या संध्याकाळी तीच मालिका लागलेली होती. तरीही कोरियन मालिकांचे वेड लागलेल्या परदेशी प्रेक्षकांपैकी फार थोड्यांना तिचे नाव ठाऊक आहे. उलट सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ज्या ‘स्क्विड गेम’ने जगभर धुमाकूळ घातला, तिला कोरियात रेटिंग असे मिळालेच नाही, कारण ती कोणत्याही वाहिनीवर प्रक्षेपित न होता थेट नेटफ्लिक्सवर आली. या दोन टोकांच्या मध्ये कोरियातील वाहिन्या, निर्माते आणि समीक्षक गेली वीसहून अधिक वर्षे एकाच प्रश्नावर वाद घालत आले आहेत, तो असा की मालिकेचे यश घरच्या रेटिंगवरून ठरवावे की परदेशातील लोकप्रियतेवरून. पैशाच्या हिशेबात परदेशाचे पारडे आता निःसंशय जड झाले आहे. पण कोरियन मालिका ज्यामुळे कोरियन ठरते तो भाग अजूनही घरचाच प्रेक्षक घडवतो, आणि त्याच्याशी नाते सुटलेली परदेशी लोकप्रियता किती ठिसूळ असते, हे कोरियाने एकदा चांगलेच अनुभवले आहे.

रेटिंग म्हणजे मराठी वाचकांच्या ओळखीचा टीआरपी. भारतात तो बार्क ही संस्था काढते, तर कोरियात हे काम प्रामुख्याने नील्सन कोरिया करते; निवडक काही हजार घरांतील टीव्ही संचांना मोजणीचे यंत्र जोडून कोणत्या मिनिटाला कोणती वाहिनी लागली होती याची नोंद घेतली जाते आणि तिच्यावरून साऱ्या देशाचे प्रमाण काढले जाते. हे आकडे दुसऱ्याच दिवशी सकाळी जाहीर होतात आणि कोरियन वृत्तपत्रांतील मनोरंजनाच्या बातम्यांत मालिकेच्या कथेइतकेच, कित्येकदा कथेपेक्षाही अधिक, महत्त्व त्यांना मिळते.

या आकड्याला एवढी प्रतिष्ठा का मिळाली, हे समजण्यासाठी कोरियन दूरचित्रवाणीचा इतिहास थोडक्यात पाहावा लागतो. १९८० मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने टीबीसी ही खाजगी वाहिनी सरकारी केबीएसमध्ये विलीन करून टाकली, आणि डिसेंबर १९९१ मध्ये एसबीएस ही खाजगी वाहिनी सुरू होईपर्यंत केबीएस आणि एमबीसी या दोघांतच देशाचा प्रेक्षक वाटला जात असे. त्यानंतरही दहा-पंधरा वर्षे स्पर्धा या तिघांपुरतीच होती. त्यामुळे आज अविश्वसनीय वाटणारे आकडे त्या काळात शक्य होते. केबीएस-२ वरील ‘फर्स्ट लव्ह’ या मालिकेने एप्रिल १९९७ मध्ये गाठलेला ६५.८ टक्क्यांचा विक्रम अद्याप मोडलेला नाही, आणि १९९५ मध्ये एसबीएसने दाखवलेल्या ‘सँडग्लास’ या मालिकेनेही ६० टक्क्यांची सीमा ओलांडली होती. १९८० मध्ये ग्वांग्जू शहरात लष्कराने चिरडलेल्या लोकशाहीवादी उठावाचे चित्रण प्रेक्षकांनी ‘सँडग्लास’पूर्वी मालिकेत इतक्या उघडपणे पाहिले नव्हते, आणि ती पाहण्यासाठी लोक कामावरून लवकर घर गाठत. अशा वेळी रेटिंग हा निव्वळ जाहिरातदारांना दाखवायचा आकडा राहत नाही. समाज एकाच वेळी एकाच गोष्टीकडे पाहत असल्याची ती नोंद असते.

रेटिंगचा अंमल केवळ जाहिरातींच्या दरापुरता नव्हता, तो मालिकेच्या रचनेपर्यंत पोचलेला होता. त्या काळातील बहुतेक कोरियन मालिका सुरुवातीचे काही भाग हाताशी ठेवून सुरू होत आणि उरलेले भाग ज्या आठवड्यात दाखवायचे त्याच आठवड्यात लिहिले व चित्रित केले जात. कित्येकदा संहितेची पाने चित्रीकरणाच्या दिवशीच नटांच्या हाती पडत आणि संकलन प्रक्षेपणाच्या काही तास आधी पूर्ण होई. या पद्धतीत तंत्रज्ञांचे आणि कलाकारांचे अतोनात हाल होत, याविषयी दुमत नाही. मात्र तिचा एक परिणाम असा होता की आदल्या आठवड्याचे रेटिंग आणि प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया पाहून लेखक पुढचे भाग बदलू शकत असे. दुय्यम पात्र लोकांना आवडले तर त्याचे प्रसंग वाढत, कथानक रेंगाळले तर मालिका लवकर आटोपली जाई, आणि ती फारच चालली तर लांबवली जाई. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातील सेविका ते राजाची वैद्य असा एका स्त्रीचा प्रवास सांगणारी ‘डे जांग गम’ ही एमबीसीची मालिका ५० भागांची ठरली होती, ती २००४ मध्ये ५४ भागांवर संपली. मराठी दैनंदिन मालिकांच्या प्रेक्षकांना टीआरपीनुसार वळणे घेणारे कथानक नवे नाही. फरक इतकाच की कोरियन मालिका लांबली तरी ती ठरलेल्या शेवटाकडे जाई, वर्षानुवर्षे चालत राहत नसे.

परदेशी विक्रीला त्या काळात वरकड उत्पन्नाचे स्थान होते. १९९७ मध्ये चीनच्या सरकारी सीसीटीव्ही वाहिनीने दाखवलेली ‘व्हॉट इज लव्ह’ ही मालिका तिथे लोकप्रिय झाली आणि कोरियन करमणुकीची लाट, जिला पुढे ‘हाल्यू’ हे नाव पडले, चीनमध्ये दिसू लागली. पण ती मालिका १९९१-९२ मध्ये एमबीसीवर ६० टक्क्यांहून अधिक रेटिंग मिळवून केव्हाच संपलेली होती आणि तिचा खर्चही वसूल झालेला होता. ‘विंटर सोनाटा’ची गोष्ट याहून बोलकी आहे. २००२ मध्ये केबीएस-२ वर तिचे सर्वोच्च रेटिंग २८.८ टक्के होते, म्हणजे ती चांगली चालली होती, पण विक्रमी नव्हती. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने ती २००३ मध्ये उपग्रह वाहिनीवर आणि प्रेक्षकांच्या आग्रहामुळे २००४ मध्ये मुख्य वाहिनीवर दाखवली, तेव्हा मध्यमवयीन जपानी स्त्रियांमध्ये नायक बे योंग-जून याच्याविषयी अशी ओढ निर्माण झाली की नोव्हेंबर २००४ मध्ये तो नारिता विमानतळावर उतरला तेव्हा सुमारे साडेतीन हजार चाहते त्याच्या स्वागताला जमले होते. मालिकेत दिसलेले नामी बेट पाहायला जपानी पर्यटकांची रीघ लागली. मालिकेचे खरे मोल तिच्या प्रक्षेपणानंतर, दुसऱ्या देशात, दुसऱ्या पिढीच्या प्रेक्षकांकडून ठरू शकते, हे कोरियन निर्मात्यांना त्या दोन वर्षांत प्रथम कळले. यानंतर एखाद्या नटाची जपानमधील ओळख ही त्याचे मानधन ठरवताना विचारात घेण्याची बाब झाली, आणि घरचे रेटिंग साधारण असले तरी परदेशी विक्रीच्या भरवशावर मालिका उभी राहू लागली.

हा भरवसा चीनच्या बाबतीत सर्वाधिक वाढला आणि तिथेच तो फसला. २०१३-१४ मध्ये एसबीएसवर आलेल्या ‘माय लव्ह फ्रॉम द स्टार’ या मालिकेने चीनच्या व्हिडिओ संकेतस्थळांवर प्रचंड प्रेक्षक मिळवले. नायिकेला आवडणारे तळलेले चिकन आणि बीअर यांचा चिनी शहरांत खप वाढला, आणि मार्च २०१४ मध्ये चीनच्या राष्ट्रीय लोकसभेच्या अधिवेशनकाळात वांग छीशान या सत्ताधारी पक्षाच्या सर्वोच्च वर्तुळातील नेत्याने कोरियन मालिकांच्या यशाची जाहीर चर्चा केली. नेमक्या याच सुमारास चीनच्या नियामकांनी असा नियम केला की इंटरनेटवर दाखवायच्या परदेशी मालिकांचे सर्व भाग आधी परीक्षणासाठी सादर केले पाहिजेत. कोरियात मालिका चालू असतानाच ती चीनमध्ये दाखवायची, तर आठवड्याला दोन भाग चित्रित करत जाण्याची जुनी पद्धत आता चालणार नव्हती. म्हणून ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’ ही मालिका पहिल्या भागाच्या प्रक्षेपणापूर्वीच पूर्ण चित्रित केली गेली, तिच्यावर सुमारे १,३०० कोटी वॉन खर्च झाले, आणि फेब्रुवारी २०१६ पासून ती केबीएस-२ वर आणि चीनच्या आयचीई या संकेतस्थळावर एकाच वेळी दाखवली गेली. कोरियात तिने ३८.८ टक्क्यांपर्यंत मजल मारली आणि चीनमध्येही ती तुफान चालली. दोन्ही बाजूंनी यश मिळाल्यामुळे पूर्वचित्रणाची पद्धत हाच पुढचा मार्ग असे सगळ्यांना वाटले.

वस्तुतः या बदलात एक अदलाबदल झाली होती, तिच्याकडे तेव्हा कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. मालिकेला मध्येच वळण देण्याची जी सत्ता इतकी वर्षे घरच्या प्रेक्षकाकडे होती ती त्याच्या हातून गेली आणि मालिका आधी पाहून तिला संमती देण्याची सत्ता परक्या देशाच्या परीक्षकाकडे गेली. कलाकारांची दमछाक थांबली हे चांगलेच झाले, आणि पुढे कामाचे तास मर्यादित करणाऱ्या कायद्यानेही पूर्वचित्रणाला बळ दिले. पण त्याची सुरुवात श्रमिकांच्या कळवळ्यातून झाली नव्हती, चिनी बाजारपेठेच्या गरजेतून झाली होती.

जुलै २०१६ मध्ये कोरियाने अमेरिकेची थाड ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा आपल्या भूमीवर बसवण्याचा निर्णय जाहीर केला आणि चीनने त्यावर तीव्र नाराजी व्यक्त केली. यानंतर कोणताही लेखी आदेश प्रसिद्ध न होता चीनमध्ये नव्या कोरियन मालिकांना परवानगी मिळणे थांबले. याचा सर्वांत मोठा फटका ‘सायमदांग’ या मालिकेला बसला. सोळाव्या शतकातील एका चित्रकार-कवयित्रीवर आधारलेल्या या मालिकेतून ‘डे जांग गम’ची नायिका ली यंग-ए दीर्घ काळानंतर दूरचित्रवाणीवर परतत होती, खर्च सुमारे २,२५० कोटी वॉन झाला होता, सर्व चित्रीकरण पूर्ण होते आणि चीनची संमती मिळाली की दोन्ही देशांत एकदम प्रक्षेपण करायचे ठरले होते. संमती आलीच नाही. अखेर जानेवारी २०१७ मध्ये एसबीएसने ती चीनविनाच कोरियात सुरू केली. पहिल्या दिवशी रेटिंग १५ टक्क्यांच्या वर गेले, मग घसरत एक आकडी झाले, आणि कथा आधीच पूर्ण झालेली असल्यामुळे दुरुस्तीला वाव नव्हता. पुन्हा संकलन करून भाग ३० वरून २८ वर आणणे एवढेच हाती उरले. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबून चालवलेल्या दुकानाची जी गत होते तीच इथे झाली.

योगायोगाने त्याच २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्सने कोरियात प्रवेश केला होता, आणि चीनने सोडलेली जागा पुढील तीन-चार वर्षांत त्याने भरून काढली. नेटफ्लिक्सच्या व्यवहाराचे साधारणपणे दोन प्रकार आहेत. पहिल्यात मालिका कोरियन वाहिनीवर नेहमीप्रमाणे दाखवली जाते आणि नेटफ्लिक्स फक्त इंटरनेटवरून दाखवण्याचे हक्क विकत घेते. २०१८ मध्ये टीव्हीएन या केबल वाहिनीवर आलेली ‘मिस्टर सनशाइन’ ही सुमारे ४,३०० कोटी वॉन खर्चाची मालिका अशाच व्यवहारामुळे शक्य झाली, कारण कोरियातील जाहिरातींच्या उत्पन्नावर एवढा खर्च कोणत्याही वाहिनीला पेलला नसता. दुसऱ्या प्रकारात नेटफ्लिक्स स्वतः मालिका बनवून घेते, निर्मितीचा सर्व खर्च आणि त्यावर ठरावीक नफा देते, आणि त्या बदल्यात मालिकेवरील सर्व हक्क कायमचे आपल्याकडे ठेवते. ‘स्क्विड गेम’ या दुसऱ्या प्रकारातील आहे.

परदेशी लोकप्रियतेच्या बाजूने जो सर्वांत भक्कम युक्तिवाद करता येतो तोही ‘स्क्विड गेम’मध्येच सापडतो. ह्वांग डोंग-ह्योक या दिग्दर्शकाने तिची संहिता २००९ च्या सुमारास लिहिली होती आणि दहा वर्षे तिला कोरियात पैसे लावणारा मिळत नव्हता. कर्जबाजारी माणसे लहान मुलांचे खेळ खेळताना मारली जातात ही कल्पना कोणत्याही वाहिनीच्या रात्री नऊ-दहाच्या वेळेत बसणारी नव्हती, कारण त्या वेळेला सारे घर एकत्र बसलेले असते आणि रेटिंग साऱ्या घराचे मोजले जाते. रेटिंगची सत्ता ही बहुमताची सत्ता असते आणि ती धाडसाला सहसा अनुकूल नसते. नेटफ्लिक्सने ती सुमारे २ कोटी १४ लाख डॉलर खर्चून बनवली, तिला २०२२ मध्ये अमेरिकेचे सहा एमी पुरस्कार मिळाले आणि ली जंग-जे हा परभाषेतील भूमिकेसाठी मुख्य अभिनेत्याचा एमी मिळवणारा पहिला नट ठरला. मात्र नेटफ्लिक्सच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार या एका मालिकेचे कंपनीला झालेले मोल सुमारे ८९ कोटी डॉलर होते, आणि करारानुसार त्या वाढीव मूल्यावर कोरियन निर्मात्यांचा कोणताही हक्क नव्हता. यावरून कोरियात बराच वाद झाला, आणि दिग्दर्शक व लेखकांना यशाच्या प्रमाणात मोबदला मिळावा यासाठी कॉपीराइट कायद्यात बदल सुचवणारी विधेयकेही संसदेत मांडली गेली.

परदेशी लोकप्रियतेचा आकडा स्वतः कितपत विश्वासार्ह आहे, हेही तपासायला हवे. रेटिंगमध्ये नमुना लहान असतो आणि त्यात चुका होतात, पण ते काढणारी संस्था वाहिनीबाहेरची असते. नेटफ्लिक्सचे आकडे नेटफ्लिक्सच देते, आणि मोजण्याची रीत त्याने वारंवार बदलली आहे. ‘स्क्विड गेम’ पहिल्या चार आठवड्यांत १४ कोटी २० लाख घरांनी पाहिली असे जाहीर झाले, तेव्हा दोन मिनिटे पाहणाऱ्यालाही प्रेक्षक धरले जात होते. नोव्हेंबर २०२१ पासून पाहिलेले एकूण तास जाहीर होऊ लागले, त्या हिशेबाने तिच्या नावावर पहिल्या २८ दिवसांत सुमारे १६५ कोटी तास जमा झाले. आणि जून २०२३ पासून त्या तासांना मालिकेच्या लांबीने भागून येणारी संख्या ‘व्ह्यूज’ म्हणून दिली जाते. याशिवाय अमुक इतक्या देशांत पहिल्या क्रमांकावर अशा ज्या बातम्या कोरियन वृत्तपत्रे उत्साहाने छापतात, त्यांत लहान देशाचा पहिला क्रमांक आणि मोठ्या देशाचा पहिला क्रमांक एकाच मापाने मोजला जातो. आकडा खोटा नसतो, पण त्यातून प्रेमाची खोली कळत नाही.

घरचा आकडाही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, हे मान्य केले पाहिजे. तरुण कोरियन प्रेक्षक मालिका फोनवर, टीव्हिंगसारख्या देशी ओटीटी सेवांवर किंवा छोट्या चित्रफितींच्या तुकड्यांत पाहतो, आणि त्याची नोंद घरातील टीव्ही संचाला जोडलेल्या यंत्रात होत नाही. टीव्हीसमोर बसणारा वर्ग वयाने मोठा असल्यामुळे कौटुंबिक आणि दैनंदिन मालिकांचे रेटिंग फुगलेले दिसते, म्हणून जाहिरातदार आता २० ते ४९ वयोगटाचे वेगळे रेटिंग मागतात आणि माध्यमांत एखाद्या मालिकेची किती चर्चा झाली याचेही साप्ताहिक निर्देशांक काढले जातात. २०२४ मध्ये टीव्हीएनवर आलेल्या ‘लव्हली रनर’ या मालिकेचे रेटिंग कधीही ६ टक्क्यांवर गेले नाही, तरीही त्या वसंतात कोरियातील तरुणांच्या बोलण्यात तिच्याइतकी दुसरी मालिका नव्हती आणि तिचा नायक ब्यॉन उ-सॉक काही आठवड्यांत देशातील सर्वांत मागणी असलेल्या नटांपैकी एक झाला. म्हणजे कमी रेटिंगचा अर्थ घरच्या प्रेक्षकाने नाकारले असा दरवेळी होत नाही. रेटिंग आणि घरचा प्रेक्षक या दोन गोष्टी आता एक राहिलेल्या नाहीत, आणि पुष्कळशी चर्चा या दोहोंची गल्लत केल्यामुळेच भरकटते. उलटे उदाहरण २०२० च्या ‘द किंग: इटर्नल मोनार्क’चे. लेखिका किम उन-सूक आणि नट ली मिन-हो या जोडीमुळे ती परदेशात नेटफ्लिक्सवर चांगली चालली, एसबीएसवर मात्र ११ टक्क्यांच्या आसपास सुरू होऊन घसरत गेली. कथेतील गोंधळ, घाऊक प्रमाणात घुसवलेल्या जाहिरातीच्या वस्तू आणि सुरुवातीच्या शीर्षकदृश्यांतल्या जपानी धाटणीच्या वास्तूंमुळे झालेली टीका यांची आठवण कोरियात तिच्या प्रेमकथेपेक्षा जास्त टिकली.

घरच्या प्रेक्षकाची खरी ताकद टक्केवारीत नसून नकाराधिकारात आहे. कोरियात २०१० पासून मालिकेत पैसे घेऊन वस्तू दाखवण्याला कायद्याने मोकळीक मिळाली आहे, आणि चिनी बाजार डोळ्यांसमोर ठेवून काही मालिकांनी चिनी कंपन्यांच्या वस्तूही दाखवल्या. २०२१ च्या सुरुवातीला ‘विन्चेन्झो’ या मालिकेत चिनी कंपनीचे तयार बिबिम्बाप, म्हणजे कोरियाचा स्वतःचा भात-भाजीचा पदार्थ, दिसल्यावर प्रेक्षक संतापले आणि ते दृश्य पुढे काढून टाकावे लागले. त्याच सुमारास एसबीएसवर ‘जोसॉन एक्झॉर्सिस्ट’ सुरू झाली. जोसॉन राजघराण्याच्या काळातील कथेत चिनी धाटणीचे खाद्यपदार्थ आणि सजावट दिसल्यामुळे इतिहासाचा विपर्यास केल्याचा आरोप झाला, एकामागून एक जाहिरातदार बाहेर पडले, आणि सुमारे ३,२०० कोटी वॉन खर्चाची, बरीचशी चित्रित झालेली ती मालिका अवघ्या दोन भागांनंतर रद्द झाली. परदेशात ती आवडली असती की नाही हा प्रश्न विचारण्याचीही वेळ आली नाही. त्याच वर्षाअखेरीस जेटीबीसी या वाहिनीच्या ‘स्नोड्रॉप’वर १९८७ च्या लोकशाही आंदोलनाचे विकृत चित्रण केल्याचा आक्षेप आला, ती थांबवण्याच्या मागणीवर काही दिवसांत दोन लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या, जाहिरातदार इथूनही निघून गेले आणि रेटिंग ४ टक्क्यांच्या पुढे सरकले नाही, पण ब्लॅकपिंक या गायिकासमूहातील जिसू तिची नायिका होती, डिस्ने प्लसने तिचे हक्क घेतलेले होते, न्यायालयाने प्रक्षेपणावर बंदी घालायला नकार दिला, आणि तिचे सोळाच्या सोळा भाग पूर्ण झाले. या दोन मालिकांच्या वेगळ्या नशिबाला एकच कारण नाही, तरी परदेशी हक्कांचा आधार असलेली मालिका घरचा रोष सोसून उभी राहू शकते, हे या तुलनेत दिसते. ते स्वागतार्ह आहे की नाही, याबद्दल मात्र मतभेद राहणार. कलावंताला जमावाच्या दडपणापासून मिळणारे हे संरक्षण आहे, आणि त्याच वेळी आपल्याच इतिहासाविषयी बोलण्याचा कोरियन प्रेक्षकाचा अधिकार त्यामुळे थोडा बोथट होतो.

या सगळ्या व्यवहारात सर्वांत शहाणपणाची चाल एका तुलनेने लहान निर्मितीसंस्थेने खेळली. २०२२ मध्ये आलेल्या ‘एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू’ या स्वमग्न तरुण वकिलाच्या मालिकेचे मूळ हक्क ए-स्टोरी या संस्थेने स्वतःकडे ठेवले, प्रक्षेपणाचे हक्क ईएनए या फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या केबल वाहिनीला आणि इंटरनेटचे हक्क नेटफ्लिक्सला विकले. जूनअखेर पहिल्या भागाला ०.९ टक्के रेटिंग मिळाले आणि ऑगस्टमध्ये शेवटच्या भागाला १७.५ टक्के. याच आठवड्यांत ती नेटफ्लिक्सच्या इंग्रजीतर मालिकांच्या जागतिक यादीत अनेकदा पहिली आली. घरी वाढणारी चर्चा आणि बाहेर वाढणारा प्रेक्षक एकमेकांना खतपाणी घालत होते. मालिकेत दिसलेल्या चांगवॉन शहराजवळच्या एका प्राचीन वृक्षाला त्याच वर्षी नैसर्गिक वारशाचा सरकारी दर्जा मिळाला, तो पाहायला कोरियातीलच लोक गर्दी करत होते. रूपांतरासारखे पुढील हक्क ए-स्टोरीकडेच राहिले. रूपांतराच्या हक्कांचे महत्त्व भारतीय प्रेक्षकांनाही परिचित आहे, कारण झी-५ वरील ‘दुरंगा’ ही २०२२ ची हिंदी मालिका ‘फ्लॉवर ऑफ ईव्हिल’ या कोरियन मालिकेचे अधिकृत रूपांतर आहे, आणि ती मूळ मालिका टीव्हीएनवर ६ टक्क्यांच्या आतच राहिली होती.

मराठी प्रेक्षकाला कोरियन मालिकांचे जे जग दिसते ते या विक्रीव्यवहारातून गाळून आलेले असते, हे त्याने लक्षात ठेवणे बरे. मणिपूरमध्ये २००० साली तिथल्या बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातल्यानंतर केबलवरून कोरियन कार्यक्रम घरोघर पोचले, पुढे दूरदर्शनने ‘डे जांग गम’ हिंदीत दाखवली, आणि मुंबई-पुण्यातील तरुणांपर्यंत हा प्रवाह मुख्यतः ओटीटीमुळे आला. त्यामुळे गाळून गेलेला भाग, म्हणजे केबीएस-२ च्या शनिवार-रविवारच्या मालिका, त्यांतील तीन पिढ्यांची कुटुंबे, सासर-माहेरचे ताण आणि लग्नाला होणारे विरोध, इथे क्वचितच पोचतो. गंमत अशी की मराठी घरातल्या प्रेक्षकाला ओळखीचे वाटेल असे सर्वाधिक काही त्याच मालिकांत आहे, आणि कोरियात आजही २० टक्क्यांच्या आसपास प्रेक्षक त्याच मिळवतात.

नेटफ्लिक्सने एप्रिल २०२३ मध्ये कोरियात चार वर्षांत २५० कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा केली, तेव्हा ती उद्योगाच्या विजयाची बातमी म्हणून छापली गेली. पण त्याच काळात मुख्य नटांचे मानधन आणि निर्मितीचा खर्च देशी वाहिन्यांच्या आवाक्याबाहेर गेला, सोमवार-मंगळवार आणि बुधवार-गुरुवार या मालिकांच्या परंपरागत वेळा एकेका वाहिनीने रिकाम्या केल्या, आणि नव्या लेखकांना शिकायला मिळणारी लहान खर्चाची मालिका दुर्मिळ झाली. डिसेंबर २०२४ मध्ये एसबीएसने नेटफ्लिक्सशी सहा वर्षांचा करार केला. त्यानुसार २०२५ पासून तिचे कार्यक्रम कोरियातील नेटफ्लिक्सवर आणि त्या वर्षाच्या उत्तरार्धापासून निवडक नव्या मालिका जगभर एकाच वेळी दिसू लागल्या. तीस वर्षांपूर्वी ‘सँडग्लास’च्या रेटिंगवर नावारूपाला आलेल्या वाहिनीला हा करार टाळता आला नसता, इतका घरचा जाहिरातबाजार आटलेला आहे, मात्र चीनच्या जागी एकच नवा ग्राहक आणून बसवण्यापलीकडे या करारातून काही साधायचे असेल, तर एसबीएसला आपल्या मालिकांचे मूळ हक्क हातचे सोडून चालणार नाही.